हातकडी उघडण्याचा छंद

हातकडी उघडण्याचा छंद म्हणजे स्वतःच्या मालकीची हातकडी मूळ चावीशिवाय आणि तिची मोडतोड न करता उघडण्याचा सराव होय. कुलपांच्या रचनेचा अभ्यास करून ती कौशल्याने उघडण्याचा जो छंद 'लॉकस्पोर्ट' या नावाने ओळखला जातो, त्याचा हा एक उपप्रकार मानला जातो. जादूच्या प्रयोगांतील बंधनमुक्तीची कला, जुन्या हातकड्यांचा संग्रह आणि यंत्ररचनेविषयीचे कुतूहल या तीन गोष्टींतून हा छंद विकसित झाला आहे.

हातकडीचे कुलूप दाराच्या कुलपापेक्षा पुष्कळ साधे असते. मात्र दाराचे कुलूप उघडले नाही तर दार बंद राहते, एवढेच नुकसान होते. हातकडी उघडली नाही तर मनगट अडकून राहते. त्यामुळे या छंदातील मुख्य अडचण यांत्रिक नसून शारीरिक सुरक्षिततेची आहे, आणि अनुभवी छंदप्रेमींनी पाळलेले बहुतेक नियम त्याच अनुषंगाने तयार झालेले आहेत.

## नाव आणि संकल्पना

मराठीत 'बेडी' हा शब्द हात आणि पाय या दोहोंच्या बंधनासाठी वापरला जातो, तर 'हातकडी' हा शब्द केवळ मनगटावरील बंधनासाठी वापरतात. वृत्तपत्रांतील 'बेड्या ठोकल्या' हा शब्दप्रयोग अटकेचा निदर्शक आहे. प्रत्यक्षात त्या वेळी हातकडी घातली गेली असेलच असे नाही. प्रस्तुत लेखात 'हातकडी' हा शब्द साखळीने, बिजागरीने किंवा ताठ पट्टीने जोडलेल्या दोन धातूच्या कड्यांसाठी वापरला आहे.

हातकडी हे तात्पुरत्या बंधनाचे साधन आहे. बंधनात असलेल्या व्यक्तीवर सतत लक्ष ठेवले जाईल, हे तिच्या रचनेत गृहीत धरलेले असते. एकाच प्रकारच्या चावीने अनेक उत्पादकांच्या हातकड्या उघडाव्यात अशी सोय मुद्दाम ठेवलेली असते. कारण अटक करणारा, वाहनातून नेणारा आणि कोठडीत स्वीकारणारा असे तीन वेगवेगळे कर्मचारी असू शकतात. ही सोय म्हणजेच कुलपाची मर्यादा होय. त्यामुळे सर्वसाधारण हातकडी उघडता येणे ही फार मोठी करामत नाही, हे या छंदातील जाणकार मान्य करतात.

## हातकडीची रचना

आधुनिक हातकडीच्या प्रत्येक कड्यात दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग दोन समांतर पट्ट्यांचा स्थिर जबडा असून त्याच्या एका टोकाला कुलपाची पेटी असते. दुसरा भाग म्हणजे रिव्हेटभोवती फिरणारी कमान. या कमानीच्या टोकाकडील भागावर तिरपे दाते कापलेले असतात. कुलपाच्या पेटीत स्प्रिंगने दाबून धरलेली एक खिट्टी असते आणि तिच्यावरही असेच दाते असतात. कमान आत ढकलली की दाते खिट्टीला उचलून पुढे सरकतात आणि 'टक टक' असा आवाज येतो. उलट दिशेने ओढल्यास दाते एकमेकांत अडकतात. त्यामुळे कमान आत जाऊ शकते, परंतु बाहेर येऊ शकत नाही.

चावी ही पोकळ नळीसारखी असून तिला एक लहान पाते असते. ती पेटीतील खुंटीवर बसते. चावी फिरवली की पाते खिट्टीला कमानीच्या दातांपासून दूर ढकलते आणि कमान मोकळी होते. चावीच्या दुसऱ्या टोकाला किंवा माथ्यावर एक बारीक खिळा असतो. त्याचा उपयोग दुहेरी कुलूप लावण्यासाठी होतो.

### दुहेरी कुलूप

केवळ खिट्टीवर बंद असलेली हातकडी 'एकेरी कुलपात' आहे असे म्हटले जाते. या स्थितीत कमान बाहेर येत नाही, पण आत मात्र कितीही सरकू शकते. हात आपटला, व्यक्ती कड्यावर रेलली किंवा तिने धडपड केली, तर कडे आणखी आवळले जाते. हे टाळण्यासाठी दुहेरी कुलपाची योजना केलेली असते. काही हातकड्यांत चावीचा खिळा छिद्रात दाबून, तर काहींत तो खाचेतून सरकवून आतील एक पट्टी खिट्टीच्या मागे आणली जाते. त्यानंतर खिट्टी हलू शकत नाही आणि कमान आत किंवा बाहेर कोणत्याही दिशेने सरकत नाही. प्रचलित रचनेत हे कुलूप काढताना चावी आधी एका दिशेने फिरवून पट्टी मागे घ्यावी लागते आणि नंतर विरुद्ध दिशेने फिरवून खिट्टी उचलावी लागते.

दुहेरी कुलपाचे काम दुहेरी आहे. ते हातकडी उघडणे अवघड करते आणि त्याच वेळी मनगटाचे रक्षणही करते. सरावाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

### प्रकार

* साखळीची हातकडी : दोन कडी दोन-तीन दुव्यांनी जोडलेली असतात. मनगटांना बरीच हालचाल करता येत असल्याने सरावाला हा प्रकार सर्वांत सोपा ठरतो.
* बिजागरीची हातकडी : कडी बिजागरीने जोडलेली असल्यामुळे मनगटे एकमेकांच्या तुलनेत फारशी वळत नाहीत व चावीच्या छिद्रापर्यंत बोटे पोहोचवणे कठीण जाते.
* ताठ हातकडी : दोन कडी जाड पट्टीने जोडलेली असतात. हालचाल जवळजवळ शून्य असते आणि धडपडीत मनगटावर पट्टीचा तरफेसारखा दाब पडतो.
* विशेष कुलपाची हातकडी : ब्रिटनमधील चब कंपनीची 'एस्कॉर्ट' हातकडी किंवा जर्मनीतील बोनोवी कंपनीच्या काही हातकड्या या वर्गात मोडतात. यांच्या चाव्या सर्वसाधारण चावीपेक्षा वेगळ्या असतात.
* डार्बी हातकडी : इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची, स्क्रूसारख्या आट्या असलेल्या चावीने उघडणारी जुनी ब्रिटिश हातकडी. आज ती प्रामुख्याने संग्राहकांकडे आढळते.

खेळण्यातील हातकड्यांना चावीशिवाय सुटण्यासाठी कडेला एक लहान कळ असते. त्यांचा पत्रा पातळ आणि दाते ओबडधोबड असल्यामुळे त्या मध्येच अडकतात. म्हणून सरावासाठी त्या अयोग्य समजल्या जातात.

## उघडण्याच्या पद्धती

छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या पद्धती मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत.

पहिल्या पद्धतीत वाकवलेल्या तारेने चावीच्या पात्याचे काम केले जाते. सर्वसाधारण हातकडीच्या चावीला गुंतागुंतीचे दाते नसल्यामुळे योग्य लांबीचा आणि पुरेसा ताठ असा काटकोनी बाक खिट्टी उचलू शकतो. या पद्धतीत कौशल्य तार वाकवण्यात कमी आणि आतील खिट्टीचा दाब बोटांना ओळखता येण्यात अधिक असते. हातकडी दुहेरी कुलपात असल्यास हीच कृती क्रमाने दोन विरुद्ध दिशांना करावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत पोलादाची पातळ, लवचिक पट्टी कमानीचे दाते आणि खिट्टी यांच्या मध्ये सरकवली जाते. या पट्टीला 'शिम' म्हणतात. शिम मध्ये आली की दाते अडकत नाहीत आणि कमान बाहेर ओढता येते. ही पद्धत वेगवान असली तरी तिला दोन मर्यादा आहेत. दुहेरी कुलूप लावलेले असेल तर खिट्टी उचलली जात नाही, त्यामुळे शिमचा उपयोग होत नाही. शिवाय शिम आत नेण्यासाठी कमान सामान्यतः एक-दोन दात आणखी आत ढकलावी लागते. म्हणजे प्रयत्न फसला तर कडे पूर्वीपेक्षा घट्ट झालेले असते. मनगटावर शिमचा पहिला प्रयोग करू नये, या सूचनेमागे हेच कारण आहे.

तिसरी पद्धत चावीची प्रतिकृती तयार करण्याची आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या 'होप' या संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत एका जर्मन छंदप्रेमीने चब आणि बोनोवी कंपन्यांच्या हातकड्यांच्या चाव्यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती सादर केल्या. लेझर कटर व त्रिमितीय मुद्रण यंत्राच्या साहाय्याने त्या बनवलेल्या होत्या. चावी सहज मिळत नाही एवढ्यावरच कुलपाची सुरक्षितता अवलंबून ठेवू नये, हे या प्रात्यक्षिकाने दाखवून दिले.

हिसका देणे, आपटणे किंवा कापणे यांचा समावेश या छंदात होत नाही. हातकडी पुन्हा वापरता येईल अशा स्थितीत उघडणे ही त्यातील मूलभूत अट आहे.

## इतिहास

### कुलूप उघडण्याची जाहीर स्पर्धा

कुलूप उघडण्याचे कौशल्य जाहीरपणे अजमावण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ठळकपणे दिसते. ब्रामा कंपनीने आपले कुलूप उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम करून ते उघडले. कुलपातील दोष लपवल्याने चोरांना अडथळा होत नाही, उलट प्रामाणिक ग्राहक मात्र अंधारात राहतो, अशी भूमिका हॉब्जने घेतली. आजच्या छंदप्रेमींचा युक्तिवाद मूलतः हाच आहे.

### हातकडीचा विकास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हातकड्या ठरावीक मापाच्या असत. बारीक मनगटावरून त्या निसटत आणि जाड मनगटाला बसत नसत. १८६२ मध्ये डब्ल्यू. व्ही. ॲडम्स यांनी अमेरिकेत दातेरी कमानीच्या, मापानुसार जुळवता येणाऱ्या हातकडीचे पेटंट घेतले. पुढे जॉन टॉवर यांनी या रचनेत सुधारणा केल्या. १८७९ चे त्यांचे पेटंट दुहेरी कुलपाशी संबंधित आहे. १९१२ मध्ये जॉर्ज कार्नी यांनी कमान जबड्यातून आरपार फिरून पुन्हा मूळ जागी येईल अशी रचना केली. यामुळे हातकडी एका हाताने व झटकन घालता येऊ लागली. या पेटंटच्या आधारे १९१४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पीअरलेस हँडकफ कंपनी स्थापन झाली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक हातकड्यांची रचना कार्नी यांच्याच कल्पनेवर आधारलेली आहे.

### हॅरी हुडिनी आणि रंगमंच

हातकडीतून सुटण्याच्या कलेला लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय हॅरी हुडिनी (१८७४–१९२६) यांना दिले जाते. बुडापेस्ट येथे जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले हुडिनी १९०० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. गावोगावी तेथील पोलिसांच्या हातकड्या घालून त्यांतून सुटून दाखवणे, हा त्यांच्या प्रयोगाचा गाभा होता.

१७ मार्च १९०४ रोजी लंडनच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात त्यांनी 'डेली मिरर' या वृत्तपत्राचे आव्हान स्वीकारले. बर्मिंगहॅमचे कारागीर नथॅनिएल हार्ट यांनी पाच वर्षे खपून बनवल्याचे सांगितले गेलेली एक खास हातकडी त्यांच्या हातात घालण्यात आली. सुमारे चार हजार प्रेक्षकांसमोर, तासाभराहून अधिक वेळानंतर हुडिनी मुक्त झाले. ही सुटका खरोखर कशी झाली, याविषयी जादूच्या इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

१९१० मध्ये हुडिनी यांनी 'हँडकफ सीक्रेट्स' हे पुस्तक प्रसिद्ध करून त्या काळातील अनेक हातकड्यांची रहस्ये स्वतःच उघड केली. आपले अनुकरण करणाऱ्यांचा सुळसुळाट झाल्याने तोपर्यंत ते पाण्याचे हंडे आणि पेट्या यांसारख्या अधिक जोखमीच्या प्रयोगांकडे वळले होते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील ऑक्टोबर १९०२ चा प्रयोग अधिक बोलका आहे. तेथे व्यायामशिक्षक व पुढे लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेले विल्यम होप हॉजसन यांनी हुडिनी यांना स्वतः आणलेल्या बेड्यांत अत्यंत आवळून जखडले. कुलपांत फेरफार केल्याची तक्रार हुडिनी यांनी तेव्हाच केली होती. सुटण्यास जवळजवळ दोन तास लागले आणि त्यांच्या हातांना जखमा व सूज आली. कुलपांविषयीचे ज्ञान कितीही असले तरी आवळलेल्या कड्याचा शरीरावरील परिणाम टळत नाही, याचे हे उदाहरण आहे.

### संघटित छंद

विसाव्या शतकाच्या अखेरीस कुलूप उघडणे हा संघटित छंद झाला. १९९७ मध्ये जर्मनीत अशा छंदप्रेमींची संघटना स्थापन झाली. त्यानंतर नेदरलँड्समध्ये 'टूल' ही संस्था उदयास आली आणि तिच्या शाखा अमेरिकेतही निघाल्या. या संस्थांच्या मेळाव्यांत आणि अमेरिकेतील 'डेफकॉन'सारख्या संगणक-सुरक्षा परिषदांत कुलपांबरोबर हातकड्यांचाही सराव केला जातो.

## शरीराला असणारे धोके

मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला, त्वचेच्या अगदी खाली, बहिःप्रकोष्ठ चेतातंतूची वरवरची शाखा जाते. तेथे स्नायूंचे संरक्षण नसल्यामुळे धातूच्या कड्याचा दाब थेट या शाखेवर पडतो. तिला इजा झाल्यास अंगठ्याच्या मागील बाजूस आणि हाताच्या पाठीवर बधिरता, मुंग्या किंवा जळजळ जाणवते. जर्मन चेतारोगतज्ज्ञ रॉबर्ट वार्टेनबर्ग यांनी १९३२ मध्ये या विकाराचे वर्णन केल्याने तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. घट्ट घड्याळ व हातकडी ही त्याची परिचित कारणे आहेत. बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संवेदना परत येते. परंतु काही व्यक्तींमध्ये बधिरता दीर्घकाळ टिकते.

दुसरा धोका सुजेचा आहे. कडे आवळले की हातातून परतणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, हात सुजतो आणि त्यामुळे तेच कडे आणखी घट्ट बसते. घाबरून केलेल्या ओढाताणीने हे चक्र वेग घेते. कड्याच्या कडांमुळे त्वचा सोलवटणे, मनगटाच्या हाडांना मार लागणे आणि हात मागे बांधलेले असताना तोल जाऊन तोंडावर पडणे, हेही संभवते.

रंगमंचावरील बंधनमुक्तीच्या प्रयोगांत प्राणघातक अपघात झालेले आहेत. १६ जून २०१९ रोजी कोलकाता येथे 'जादूगार मँड्रेक' या नावाने ओळखले जाणारे चंचल लाहिरी यांनी साखळ्या व दोरखंडांनी स्वतःला जखडून हुगळी नदीत उतरण्याचा प्रयोग केला. त्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. छंद म्हणून केल्या जाणाऱ्या सरावात पाणी, उंची, आग आणि वाहन यांना कोणतेही स्थान नसते.

## सुरक्षित सराव

### हातकडीची पारख

सरावासाठी नामांकित उत्पादकाची, नवी आणि दोन चाव्या असलेली हातकडी निवडली जाते. प्रत्येक चावीने प्रत्येक कडे एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही कुलपांतून किमान काही वेळा उघडून पाहिले जाते. गंजलेल्या, जुन्या किंवा सदोष हातकड्या मनगटात घातल्या जात नाहीत. संग्रहातील पुरातन हातकडीची स्प्रिंग तुटल्यास मूळ चावीही निरुपयोगी ठरू शकते. अशा वस्तूंचा अभ्यास टेबलावरच केला जातो.

### सरावाचे टप्पे

१. टेबलावरील सराव : कडे मोकळ्या हातात किंवा व्हाइसमध्ये हलके धरून उघडले जाते. लाकडी दांडा किंवा कापडाची घट्ट गुंडाळी हा मनगटाला चांगला पर्याय ठरतो. आधी मूळ चावी सावकाश फिरवून खिट्टी कोणत्या क्षणी सुटते हे बोटांना ओळखीचे करून घेतले जाते. मगच तार हाती घेतली जाते.

२. दुहेरी कुलपाचा सराव : एकेरी कुलूप सातत्याने उघडू लागल्यावर टेबलावरच दुहेरी कुलपाचा सराव केला जातो. हा टप्पा पूर्ण होण्याआधी मनगटावर हातकडी घालू नये, असा संकेत आहे; कारण मनगटावर हातकडी नेहमी दुहेरी कुलपातच असावी लागते.

३. एका मनगटावर सराव : केवळ एक कडे, अंगठी, घड्याळ व बांगड्या काढून घातले जाते. कडे व मनगट यांच्यामध्ये बोटाचे टोक सहज जाईल एवढी जागा ठेवली जाते, लगेच दुहेरी कुलूप लावले जाते आणि चावीचे छिद्र बोटांच्या दिशेला ठेवले जाते. दुसरा हात मोकळा असतो आणि चावी त्या हाताच्या आवाक्यात असते.

४. दोन्ही मनगटे, हात पुढे : हा टप्पा जवळ दुसरी जाणकार व्यक्ती असतानाच पार पाडला जातो. एक चावी तिच्याकडे व दुसरी टेबलावर असते.

हात मागे बांधून केलेला सराव हा प्रगत मानला जातो. तो खाली गादी किंवा सतरंजी असलेल्या जागी, बसून आणि सोबत्याच्या उपस्थितीतच केला जातो. हातकडी खिडकीचे गज, खाट किंवा अन्य स्थिर वस्तूला अडकवू नये, हा नियम सर्व टप्प्यांना लागू असतो. कारण आग वा भूकंपाच्या प्रसंगी व्यक्तीला जागेवरून हलता येणे आवश्यक असते.

### थांबण्याचे निकष

सराव सुरू करण्यापूर्वीच काही मिनिटांची मर्यादा ठरवली जाते आणि ती संपताच चावी वापरली जाते. बधिरता, मुंग्या, बोटांचा रंग बदलणे, हात थंड पडणे किंवा सूज यांपैकी काहीही जाणवल्यास वेळ शिल्लक असली तरी सराव थांबवला जातो. चावी वापरणे ही हार समजली जात नाही. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या किंवा फेफऱ्याचा त्रास असलेल्या व्यक्तींनी हातकडी मनगटावर घालणे टाळावे आणि अल्पवयीनांनी प्रौढांच्या देखरेखीखाली केवळ टेबलावरील सराव करावा, हे श्रेयस्कर ठरते.

### चावी निरुपयोगी ठरल्यास

चावी मोडली किंवा कुलूप अडकले, तर पहिली कृती म्हणजे ओढाताण थांबवणे आणि हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवणे. बोल्ट कटरने साखळी तोडता येते. परंतु त्यामुळे दोन हात एकमेकांपासून सुटतात, कडे मात्र मनगटावरच राहते. कडे कापण्याचे काम घरी करू नये. त्यासाठी अग्निशमन दलाची किंवा रुग्णालयाची मदत घ्यावी लागते. सराव संपल्यानंतरही बधिरता टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो.

शिम व तारा यांच्या कडा धारदार असतात. त्या कापताना किंवा घासताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे वापरले जातात. कोणतेही साधन तोंडात धरले जात नाही.

## आचारसंहिता

लॉकस्पोर्टमध्ये दोन नियम सर्वत्र मान्य आहेत. जे कुलूप स्वतःचे नाही, ते मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय उघडू नये. आणि जे कुलूप प्रत्यक्ष वापरात आहे, त्यावर सराव करू नये. हातकडीच्या बाबतीत यात तिसऱ्या नियमाची भर पडते : दुसऱ्या व्यक्तीच्या हातात तिच्या संमतीशिवाय हातकडी घालू नये, आणि तिने सांगताच ती काढावी. थट्टेने घातलेली हातकडी हे या छंदातील इजांचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

## भारतातील कायदेशीर बाजू

भारतात हातकडीचा प्रश्न व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडलेला आहे. 'प्रेम शंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन' (१९८०) या खटल्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट हातकडी घालणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १९ व २१ शी विसंगत ठरवले. अन्य मार्ग उपलब्ध नसेल तेव्हाच आणि कारणे नोंदवूनच हातकडी वापरता येईल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी विरुद्ध आसाम राज्य' (१९९५) या निकालात त्यासाठी दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवर भर देण्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) नुसार सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेली व्यक्ती, तसेच दहशतवादी कृत्य, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या नमूद गंभीर गुन्ह्यांतील आरोपींबाबत पोलिसांना हातकडी वापरता येते.

कायदेशीर कोठडीतून निसटणे वा तसा प्रयत्न करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली येत असे. भारतीय न्याय संहितेतही तशी तरतूद आहे. त्यामुळे छंद म्हणून मिळवलेल्या कौशल्याचा प्रत्यक्ष अटकेच्या प्रसंगी वापर करणे हे छंदाच्या कक्षेबाहेरचे आणि दंडनीय आहे.

महाराष्ट्रात आणखी एक तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) याच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत कायदेशीर सबबीवाचून घरफोडीची साधने बाळगणे दंडनीय आहे. कुलूप उघडण्याच्या तारा आणि शिम या साधनांकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक असल्यामुळे त्या घरीच ठेवणे आणि मेळाव्याला नेताना त्याचा पुरावा सोबत बाळगणे हितकर ठरते.

## महत्त्व

या छंदावर गुन्हेगारांना माहिती पुरवल्याचा आक्षेप घेतला जातो. त्यावर छंदप्रेमींचे म्हणणे असे की हातकडीची रचना शंभराहून अधिक वर्षे पेटंटांतून आणि पुस्तकांतून उघड आहे. तिच्या मर्यादा ठाऊक असणे हे ती वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्याही हिताचे आहे. दुहेरी कुलूप न लावलेली हातकडी सहज उघडते आणि तीच मनगटाला अधिक इजाही करते, ही बाब सरावातून लगेच स्पष्ट होते. बंदोबस्त आणि बंदिवानाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच लहानशा पट्टीवर अवलंबून असतात, हे प्रत्यक्ष अनुभवता येणे हा या छंदाचा शैक्षणिक उपयोग मानला जातो.